संगणक एकमेकांना न दिसणे (घरगुती नेटवर्क)

संगणक एकमेकांना न दिसणे हा घरगुती व छोट्या कार्यालयीन संगणक जाळ्यांमध्ये वारंवार उद्भवणारा दोष आहे. एकाच राउटरला जोडलेले दोन किंवा अधिक संगणक आंतरजालाचा वापर व्यवस्थित करू शकतात. परंतु त्यांपैकी एकाच्या पडद्यावर दुसऱ्याचे नाव उमटत नाही, सामायिक केलेला फोल्डर उघडत नाही, किंवा दुसऱ्या संगणकाला जोडलेला प्रिंटर सापडत नाही, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप असते. घरे, लहान दुकाने, दवाखाने, करसल्लागारांची कार्यालये अशा ठिकाणी स्वतंत्र सर्व्हर किंवा पूर्णवेळ तंत्रज्ञ नसल्यामुळे या दोषाचे निदान बहुधा वापरकर्त्यालाच करावे लागते.

'संगणक दिसत नाही' या तक्रारीत प्रत्यक्षात तीन वेगवेगळे दोष एकत्र आलेले असतात. दोन संगणकांमध्ये माहिती वाहून नेणारा मार्गच नसणे हा पहिला. मार्ग असूनही यादीत नाव न येणे हा दुसरा. आणि नाव दिसत असूनही प्रवेश नाकारला जाणे हा तिसरा. तिन्हींची कारणे वेगळी आहेत आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. हा भेद न करता सरसकट उपाय केल्यास फायरवॉल कायमची बंद ठेवली जाते किंवा जुना, असुरक्षित प्रोटोकॉल पुन्हा चालू केला जातो, आणि संगणक दिसू लागला तरी घरातील सर्व कागदपत्रे धोक्यात येतात.

या लेखात आज्ञा, नावे व पत्ते देवनागरीत दिले आहेत. संगणकावर ते रोमन अक्षरांत व अंकांत टंकावे लागतात.

पार्श्वभूमी

घरगुती नेटवर्कमध्ये संगणकांची नोंद ठेवणारी कोणतीही मध्यवर्ती वही नसते. प्रत्येक संगणक आपले नाव सर्वांना ऐकू जाईल अशा रीतीने पुकारतो आणि इतर संगणक ते ऐकून आपापली यादी तयार करतात. त्यामुळे पडद्यावर दिसणारी यादी म्हणजे नेटवर्कचे चित्र नसून ऐकीव माहितीचे संकलन असते. यादीत नाव असणे हा संगणक चालू असल्याचा पुरावा नाही, आणि नाव नसणे हा तो पोहोचण्याजोगा नसल्याचा पुरावा नाही.

या पद्धतीचा उगम नेटबायोस या प्रणालीत आहे. ती १९८३ मध्ये आयबीएमच्या पीसी नेटवर्कसाठी सायटेक या कंपनीने विकसित केली. फाइल व प्रिंटर सामायिक करणारा एसएमबी हा प्रोटोकॉलही त्याच सुमारास आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी तयार केला. मायक्रोसॉफ्टने या दोहोंचा स्वीकार केला आणि विंडोज ९५ मधील 'नेटवर्क नेबरहुड' या चिन्हामुळे शेजारच्या संगणकांची यादी सामान्य वापरकर्त्याच्या परिचयाची झाली. नेटबायोसमध्ये नावासाठी १५ अक्षरांची मर्यादा असते. १६ वे स्थान सेवेचा प्रकार सांगण्यासाठी राखीव असते. विंडोज १० स्वतःहून देते त्या 'डेस्कटॉप' व पुढे आडवी रेघ आणि सात अक्षरे अशा रुक्ष नावाची लांबी बरोबर १५ भरते, ती याच मर्यादेत बसते.

जुन्या पद्धतीत नेटवर्कमधील एक संगणक 'मास्टर ब्राउझर' म्हणून यादी सांभाळत असे. त्याची निवड संगणकांमधील एका स्वयंचलित निवडणुकीने होई आणि हा संगणक बंद झाला की निवडणूक पुन्हा घ्यावी लागे. प्रत्येक संगणक स्थिरावल्यानंतर दर १२ मिनिटांनी आपली घोषणा करी. सलग तीन घोषणा चुकल्या की नाव यादीतून काढले जाई. म्हणजेच बंद केलेला संगणक ३६ मिनिटांपर्यंत यादीत राहू शके, आणि पर्यायी यादी सांभाळणाऱ्या संगणकांवर त्याहूनही अधिक काळ. 'थोडा वेळ थांबा, आपोआप दिसेल' हा तंत्रज्ञांचा जुना सल्ला या वेळापत्रकामुळे पुष्कळदा खरा ठरत असे.

ही यादी एसएमबी प्रोटोकॉलच्या पहिल्या आवृत्तीवर अवलंबून होती. विंडोज व्हिस्टापासून दुसरी आणि २०१२ मधील विंडोज ८ पासून तिसरी आवृत्ती आली, तरी पहिली आवृत्ती पुढील कित्येक वर्षे सोबत चालू राहिली. ऑक्टोबर २०१७ मध्ये प्रसृत झालेल्या विंडोज १० च्या १७०९ या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने ती टप्प्याटप्प्याने काढून घेण्यास आरंभ केला. होम व प्रो प्रकारांत या जुन्या प्रोटोकॉलचा ग्राहक भाग एकूण १५ दिवस वापरला गेला नाही तर आपोआप काढून टाकला जातो. संगणक बंद असलेला काळ त्यात धरला जात नाही. कोणीही काही बदल केलेला नसताना 'परवापर्यंत दिसणारा संगणक आज दिसत नाही' अशा ज्या अनेक तक्रारी त्या काळात आल्या, त्यांच्यामागील एक कारण हे होते. विंडोज ७ बरोबर २००९ मध्ये आलेली आणि एका पासवर्डवर घरातील सर्व संगणक जोडणारी 'होमग्रुप' ही सोयही २०१८ मधील १८०३ या आवृत्तीत काढून टाकण्यात आली.

आजच्या विंडोजमध्ये संगणकांची ओळख मुख्यतः डब्ल्यूएस-डिस्कव्हरी या प्रोटोकॉलने होते. त्याचे संदेश २३९.२५५.२५५.२५० या सामूहिक पत्त्यावर, यूडीपीच्या ३७०२ क्रमांकाच्या पोर्टवरून जातात. मॅक, लिनक्स, प्रिंटर व मोबाइल फोन यांच्यात २२४.०.०.२५१ हा पत्ता व ५३५३ हे पोर्ट वापरणारा एमडीएनएस हा प्रोटोकॉल रूढ आहे. ॲपल त्याला बॉनजूर या नावाने संबोधते. जुना नेटबायोस १३७, १३८ व १३९ ही पोर्ट वापरतो. फायलींची प्रत्यक्ष देवघेव मात्र विंडोज २००० पासून ४४५ क्रमांकाच्या टीसीपी पोर्टवरून होत आली आहे. नाव कळण्याचा मार्ग आणि फाइल मिळण्याचा मार्ग असे वेगवेगळे असल्यामुळेच एक चालू व दुसरा बंद अशी स्थिती उद्भवते.

मार्ग आहे की नाही

निदानाची सुरुवात यादीपासून न करता पत्त्यापासून करणे सोयीचे असते. विंडोजमध्ये आज्ञापटल उघडून 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा दिली असता संगणकाचा आयपी पत्ता, सबनेट मास्क व गेटवे म्हणजे राउटरचा पत्ता दिसतो. मास्क २५५.२५५.२५५.० असेल, आणि बहुतेक घरांत तो तसाच असतो, तर दोन्ही संगणकांच्या पत्त्यांतील पहिले तीन आकडे सारखे असावे लागतात. १९२.१६८.१.५ व १९२.१६८.१.९ हे शेजारी आहेत, १९२.१६८.१.५ व १९२.१६८.०.९ हे नाहीत. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर संगणकाला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही आणि त्याने तो स्वतःच कल्पून घेतला आहे, असे समजावे. अशा वेळी केबल, वाय-फायचा पासवर्ड किंवा राउटर यांत दोष शोधावा लागतो. सामायिकीकरणाच्या सेटिंगशी त्याचा संबंध नसतो.

पत्ते वेगवेगळ्या पट्ट्यांतील आढळले तर घरात दोन राउटर असण्याची शक्यता मोठी असते. ब्रॉडबँड किंवा फायबरची जोडणी देणारी कंपनी जे उपकरण बसवते ते बहुधा स्वतःच राउटर असते. आतल्या खोलीत वाय-फाय पोहोचत नाही म्हणून विकत आणलेला दुसरा राउटर त्याच्या 'वॅन' खाचेतून जोडला, की तो स्वतःमागे एक वेगळे नेटवर्क निर्माण करतो. आंतरजाल दोन्हीकडे उत्तम चालत असल्याने ही फाळणी लक्षात येत नाही. तिचे एक वैशिष्ट्य मात्र निदानाला उपयोगी पडते: आतल्या राउटरमागील संगणक बाहेरच्या संगणकापर्यंत थेट पत्त्याने पोहोचू शकतो, पण बाहेरच्याला आत येता येत नाही. 'याच्यावरून तो उघडतो, त्याच्यावरून हा उघडत नाही' ही तक्रार असेल तर इतर काहीही तपासण्यापूर्वी राउटर मोजावेत.

उपाय म्हणजे दुसऱ्या राउटरला 'ॲक्सेस पॉइंट' या पद्धतीवर लावणे. ती सोय नसल्यास त्याची पत्ते वाटण्याची म्हणजे डीएचसीपीची सेवा बंद करावी, त्याला पहिल्या राउटरच्या पट्ट्यातील एक मोकळा पत्ता द्यावा आणि पहिल्या राउटरकडून येणारी केबल 'वॅन' ऐवजी 'लॅन' खाचेत घालावी. पत्ता बदलण्याचे काम केबल हलवण्याआधी करणे इष्ट, कारण दोन्ही राउटरांचा कारखान्यातून आलेला पत्ता एकच असला तर नंतर त्याचे सेटिंगचे पान उघडणेच कठीण होते.

पत्ते शेजारचे असूनही मार्ग नसल्याचे दुसरे कारण वाय-फायमध्ये सापडते. 'गेस्ट' म्हणजे पाहुण्यांसाठीच्या नेटवर्कचा हेतूच आलेल्या उपकरणाला आंतरजाल देणे व घरातील इतर उपकरणांपासून दूर ठेवणे हा असतो. घरातील एखादा लॅपटॉप कधीतरी सोयीसाठी त्या नेटवर्कला जोडला गेला व तसाच राहिला, असे सर्रास घडते. काही राउटरांवर मुख्य वाय-फायलाही 'एपी आयसोलेशन' किंवा 'क्लायंट आयसोलेशन' हा पर्याय असतो. तो चालू असताना वाय-फायवरील उपकरणे एकमेकांशी बोलू शकत नाहीत. वसतिगृहे व हॉटेलांमध्ये हा पर्याय जाणीवपूर्वक चालू ठेवलेला असतो आणि वापरकर्त्याला तो बदलता येत नाही.

कार्यालयीन कामासाठी घेतलेला व्हीपीएन हेही एक नेहमीचे कारण आहे. अनेक व्हीपीएन आज्ञावल्या चालू असताना स्थानिक नेटवर्कशी संबंध तोडतात. घरून काम करणाऱ्याच्या लॅपटॉपवर दिवसा प्रिंटर दिसत नाही आणि संध्याकाळी दिसतो, त्याचे स्पष्टीकरण पुष्कळदा एवढेच असते.

पिंग व त्याचा अर्थ

दोन संगणकांमधील मार्ग तपासण्यासाठी 'पिंग' ही आज्ञा वापरतात. माइक मूस यांनी ती १९८३ मध्ये लिहिली आणि आजही पहिली चाचणी म्हणून तिचे स्थान कायम आहे. मात्र तिच्या उत्तरांचा अर्थ लावताना चूक होण्याचा संभव असतो. उत्तर आले तर मार्ग निश्चित आहे. उत्तर आले नाही तर मार्ग नाही, असे मात्र म्हणता येत नाही. कारण विंडोजची फायरवॉल फाइल सामायिकीकरण बंद असताना पिंगला सहसा उत्तर देऊ देत नाही.

हा संशय फेडण्यासाठी नकाराच्या प्रकाराकडे पाहावे लागते. विंडोजवर मुदत संपल्याचा संदेश, म्हणजे 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट', आला तर समोरचा संगणक बहुधा सापडला आहे पण त्याने उत्तर दिलेले नाही. याउलट स्वतःच्याच पत्त्याकडून 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' असे उत्तर आले तर त्या पत्त्याला कोणीही ओ दिलेली नाही. पिंगनंतर लगेच 'एआरपी' ही आज्ञा 'ए' या पर्यायासह दिली असता ज्या उपकरणांनी आपला भौतिक म्हणजे मॅक पत्ता कळवला आहे त्यांची यादी मिळते. शोधत असलेला पत्ता या यादीत असेल तर केबल, वाय-फाय व राउटर हे सर्व निर्दोष ठरतात व दोष समोरच्या संगणकाच्या फायरवॉलमध्ये असल्याचे कळते. तास-दोन तास राउटर चालू-बंद करण्यात घालवण्यापेक्षा ही दोन मिनिटांची चाचणी अधिक फलदायी आहे.

यादीत नाव न येणे

मार्ग सिद्ध झाल्यावर, यादीची वाट न पाहता समोरचा संगणक थेट पत्त्याने उघडून पाहावा. फाइल एक्सप्लोररच्या पत्तापट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा व त्यांपुढे आयपी पत्ता टंकला असता सामायिक फोल्डर दिसू लागले, तर दोष केवळ यादीचा आहे. कामापुरता तो फोल्डर एखाद्या ड्राइव्ह-अक्षराला जोडून घेतला तरी भागते. राउटरवर त्या संगणकासाठी कायमचा पत्ता राखून ठेवणे मात्र आवश्यक ठरते, नाहीतर राउटरने नवा पत्ता दिला की जोडणी तुटते. पत्त्याने उघडते पण नावाने उघडत नाही, असे असेल तर नावावरून पत्ता शोधण्यात दोष आहे. एकाच नावाचे दोन संगणक असणे हे त्याचे एक कारण. एका संगणकाच्या डिस्कची हुबेहूब प्रत करून दुसरा तयार केला असेल तर असे हमखास होते.

यादी दुरुस्तच करावयाची असल्यास प्रथम नेटवर्कचा प्रकार पाहावा. विंडोज प्रत्येक नेटवर्कला 'पब्लिक' किंवा 'प्रायव्हेट' असा शिक्का लावते. पब्लिक म्हणजे रेल्वे स्थानक वा उपाहारगृहासारखे परके ठिकाण असे समजून संगणक स्वतःला लपवतो. विंडोज १० पहिल्या जोडणीच्या वेळी याबद्दल एक प्रश्न विचारते आणि घाईत 'नाही' म्हटले गेले की घरचे नेटवर्कही परके ठरते. विंडोज ११ नव्या नेटवर्कला स्वतःहून पब्लिकच मानते. राउटर बदलल्यावर जुनेच घर संगणकाच्या दृष्टीने नवे नेटवर्क होते, ही गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. नवा राउटर आल्यापासून संगणक दिसेनासे झाले असतील तर राउटरला दोष देण्यापूर्वी प्रत्येक संगणकावरील हा शिक्का तपासावा.

त्यानंतर 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' हे दोन पर्याय चालू करावे लागतात. हे पर्याय एकाच संगणकावर चालू करून भागत नाही. पाहणाऱ्याला पाहण्यासाठी व दुसऱ्याला दिसण्यासाठी दोहोंवर ते लागतात. डिस्कव्हरी चालू केल्यावरही तो पर्याय पुन्हा बंद झालेला आढळत असेल, किंवा नाव यादीत येत नसेल, तर विंडोजच्या सेवा तपासाव्यात. 'फंक्शन डिस्कव्हरी प्रोव्हायडर होस्ट' ही सेवा इतरांना शोधते आणि 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' ही स्वतःची घोषणा करते. यांतील दुसरी सेवा बंद पडलेला संगणक इतरांना पाहतो, पण स्वतः कोणालाच दिसत नाही. तिची सुरुवात 'ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट' अशी लावणे हा प्रचलित उपाय आहे. एक्सप्लोररच्या तपशीलवार मांडणीत 'डिस्कव्हरी मेथड' हा स्तंभ दाखवता येतो. कोणता संगणक कोणत्या प्रोटोकॉलने सापडला हे त्यावरून कळते.

वर्कग्रुपचे नाव सारखे असावे असा सल्ला सर्वत्र दिला जातो. त्याचे महत्त्व आता फारसे उरलेले नाही. विंडोज एक्सपीच्या होम प्रकारात हे नाव 'एमएसहोम' आणि प्रो प्रकारात 'वर्कग्रुप' असे असल्याने जुन्या यादीत दोन्ही संगणक वेगवेगळ्या गटांत पडत व वापरकर्ता गोंधळत असे. त्या काळापासून हा सल्ला टिकून आहे. नाव वेगळे असल्याने फायली मिळण्यात कधीच अडथळा येत नव्हता.

काही वेळा घोषणा संगणकापासून निघते पण वाटेत हरवते. सामूहिक म्हणजे मल्टिकास्ट संदेशांना वाय-फायवर पोहोच मिळत नाही, त्यामुळे हरवलेला संदेश पुन्हा पाठवला जात नाही. राउटर व स्विचमधील 'आयजीएमपी स्नूपिंग' ही सोयही चुकीच्या रीतीने काम करत असेल तर असे संदेश अडवते. केबलने जोडलेले संगणक एकमेकांना पाहतात, वाय-फायवरचे एकमेकांना पाहतात, पण या दोन गटांना परस्परांचा पत्ता नाही, असे दृश्य असल्यास हा पर्याय बंद करून पाहावा.

तिसऱ्या कंपनीची विषाणूरोधक आज्ञावली स्वतःची फायरवॉल आणते आणि विंडोजमधील पर्याय कितीही चालू केले तरी निर्णय तिचाच राहतो. तिची मुदत संपली तरी फायरवॉलचा भाग मागे राहिल्याचे आढळते. तपासणीसाठी फायरवॉल एक-दोन मिनिटे बंद करून पाहणे क्षम्य आहे, पण दोष तिच्यात असल्याचे सिद्ध झाल्यावर तिला बंद न ठेवता त्या नेटवर्कला विश्वसनीय म्हणून नोंदवणे हाच उपाय आहे.

प्रवेश नाकारला जाणे

नाव दिसते, त्यावर क्लिक केल्यावर मात्र पासवर्ड विचारला जातो किंवा दोषसंदेश येतो, ही तिसरी अवस्था. येथे संदेशातील क्रमांक महत्त्वाचा असतो. ५३ किंवा सोळाअंकी पद्धतीत ०x८००७००३५ हा क्रमांक मार्ग न सापडल्याचा आहे, म्हणजे वापरकर्त्याने पुन्हा मागच्या पायरीवर जावे. ५ म्हणजे ओळख पटली पण परवानगी नाही. १३२६ म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकला. १२१९ म्हणजे त्याच संगणकाशी आधीच दुसऱ्या नावाने जोडणी झालेली आहे. ६७ म्हणजे संगणक सापडला, पण त्या नावाचा सामायिक फोल्डर नाही.

पासवर्डच्या बाबतीत दोन गैरसमज विशेष आढळतात. घरातील संगणकाला पासवर्डच ठेवलेला नाही, तेव्हा तो रिकामा सोडला की काम होईल, असे वाटणे स्वाभाविक आहे; पण विंडोज एक्सपीपासून रिकामा पासवर्ड असलेल्या खात्याला फक्त त्या संगणकासमोर बसूनच प्रवेश मिळतो, नेटवर्कवरून मिळत नाही. दुसरा गैरसमज पिनबद्दलचा. संगणक उघडताना टंकला जाणारा पिन त्या यंत्रापुरताच असतो व नेटवर्कवर चालत नाही. मायक्रोसॉफ्ट खाते वापरत असल्यास संपूर्ण ईमेल पत्ता व त्या खात्याचा मूळ पासवर्ड द्यावा लागतो, आणि वर्षानुवर्षे पिन वापरणाऱ्याला तो बहुधा आठवत नसतो. फायली देणाऱ्या संगणकावर केवळ सामायिकीकरणासाठी एक साधे स्थानिक खाते व पासवर्ड तयार करणे हा यातून निघण्याचा सर्वांत सुटसुटीत मार्ग आहे. पासवर्ड बदलल्यानंतर जुना 'क्रेडेन्शियल मॅनेजर' मध्ये साठून राहतो व तोच पुन्हा पुन्हा पाठवला जातो. तो तेथून काढावा लागतो.

परवानग्या दोन जागी असतात, सामायिकीकरणाच्या व डिस्कवरील फोल्डरच्या. दोहोंपैकी जी कडक असेल तीच लागू होते. एकीकडे 'एव्हरीवन' ला पूर्ण मुभा देऊनही प्रवेश मिळत नाही, याचे कारण दुसरीकडे असते.

पासवर्डशिवाय, पाहुणा म्हणून मिळणारा प्रवेश विंडोजने क्रमाक्रमाने बंद केला आहे. २०२४ मधील विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो प्रकारातही तो मूलतः बंद असतो, आणि एसएमबी संदेशांवर स्वाक्षरी आवश्यक ठरते. राउटरच्या यूएसबी खाचेला लावलेली हार्ड डिस्क किंवा जुने एनएएस उपकरण अद्ययावतीकरणानंतर एकाएकी उघडेनासे होते ते यामुळे. अशा उपकरणावर नाव व पासवर्ड असलेले खाते तयार करणे, आणि त्याच्या आज्ञावलीची नवी आवृत्ती उपलब्ध असल्यास ती घालणे, हे दोन उपाय आधी करावेत.

लहान कार्यालयांत आणखी एक मर्यादा आड येते. सर्व्हर नसलेल्या विंडोजला एका वेळी ठरावीक संगणकच जोडता येतात: एक्सपी होममध्ये ५, एक्सपी प्रोफेशनलमध्ये १० आणि विंडोज ७ पासून २०. हिशेबाची आज्ञावली एका संगणकावर ठेवून ती अनेकांनी उघडण्याची पद्धत जेथे आहे, तेथे शेवटी येणाऱ्यालाच नकार मिळत असेल तर ही मर्यादा तपासून पाहावी.

मॅक, लिनक्स व फोन

ॲपलने २०१३ मधील मॅव्हरिक्स या आवृत्तीपासून मॅकवर एसएमबीची दुसरी आवृत्ती मुख्य पद्धत म्हणून स्वीकारली. त्यामुळे मॅक व विंडोज यांच्यात फायलींची देवघेव थेट होऊ शकते. मॅकवर 'कनेक्ट टू सर्व्हर' या पर्यायात 'एसएमबी' हा उपसर्ग, अपूर्णविराम, दोन तिरप्या रेघा व पत्ता देऊन संगणक उघडता येतो. २०२४ मधील सेक्वोया आवृत्तीपासून स्थानिक नेटवर्क पाहण्यासाठी प्रत्येक आज्ञावलीला वापरकर्त्याची परवानगी लागते. आयफोनवर हीच पद्धत २०२० मध्ये आयओएस १४ बरोबर आली. त्या वेळी 'नको' म्हटले गेले असल्यास प्रिंटर वा दूरचित्रवाणी संच त्या आज्ञावलीला कधीच दिसत नाही.

लिनक्सवर हे काम सांबा ही मुक्त आज्ञावली करते. ऑस्ट्रेलियातील अँड्रू ट्रिजेल यांनी १९९२ मध्ये तिची सुरुवात केली. सांबाची स्वतःची घोषणा जुन्या नेटबायोस पद्धतीची असल्याने आजच्या विंडोजच्या यादीत लिनक्स संगणक बहुधा येत नाही, जरी पत्त्याने तो उघडत असला तरी. 'डब्ल्यूएसडीडी' ही छोटी सेवा बसवली की तो यादीत येतो. मॅकच्या यादीत येण्यासाठी 'अवाही' ही सेवा लागते.

जुना प्रोटोकॉल पुन्हा चालू करण्याचा धोका

विंडोजमधील 'एसएमबी १.०' हा पर्याय पुन्हा चालू करा, हा उपाय या दोषावर सर्वाधिक सांगितला जातो. त्याने कधीकधी यादी खरोखर परत येते आणि म्हणूनच तो टिकून आहे. परंतु मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर विषाणू याच प्रोटोकॉलमधील त्रुटीचा फायदा घेऊन सुमारे १५० देशांत पसरला. त्रुटी बुजवणारे अद्ययावतीकरण मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्ये, प्रसृत केलेले होते. जूनअखेरीस आलेल्या नॉटपेट्या या विषाणूने तीच त्रुटी व चोरलेले पासवर्ड असे दोन्ही मार्ग वापरले. त्याच्या तडाख्यात न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका कंटेनर टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले होते. अशा विषाणूंना वापरकर्त्याने काही उघडण्याची गरज नसते. घरातील एका संगणकात शिरकाव झाला की बाकीचे संगणक ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून आपोआप गाठले जातात. छायाचित्रे, दाखले व हिशेब यांच्या प्रती दुसऱ्या संगणकावर सामायिक फोल्डरमध्ये ठेवलेल्या असतील तर मूळ व प्रत दोन्ही एकाच वेळी जातात.

याच कारणास्तव राउटरवरून ४४५ किंवा १३९ ही पोर्ट बाहेरच्या जगाला कधीही उघडू नयेत. घराबाहेरून फायली हव्या असल्यास व्हीपीएनचा मार्ग वापरावा.

दोन्ही संगणक विंडोज ७ किंवा त्यानंतरचे असतील तर जुन्या प्रोटोकॉलची गरजच नसते. डब्ल्यूएस-डिस्कव्हरी व एसएमबीची नवी आवृत्ती दोहोंकडे असते, आणि यादी येत नसेल तर दोष वर दिलेल्या कारणांतच आहे. खरी अडचण विंडोज एक्सपीची असते, कारण त्याला पहिल्या आवृत्तीखेरीज दुसरी भाषा येत नाही. त्याचे समर्थन ८ एप्रिल २०१४ रोजी थांबले, तरी प्रयोगशाळेतील उपकरणे किंवा कारखान्यातील यंत्रे चालवणारे असे संगणक अजून वापरात आढळतात. त्यांना घरच्या किंवा कार्यालयाच्या नेटवर्कमधून वेगळे काढून फायलींची ने-आण पेन ड्राइव्हने करावी. नेटवर्कवरूनच करणे भाग असेल तर लिनक्सच्या एका मध्यस्थ संगणकाला दोन नेटवर्क कार्डे बसवावीत, एकावर केवळ त्या जुन्या यंत्रासाठी जुना प्रोटोकॉल ठेवावा आणि दुसऱ्यावरून नव्या प्रोटोकॉलने इतर संगणकांना फायली द्याव्यात. त्यासाठी सांबाच्या दोन स्वतंत्र प्रती चालवाव्या लागतात, कारण किमान आवृत्तीचे बंधन एका प्रतीत सर्व जोडण्यांना सारखेच लागू होते. सांबाने २०१९ मधील ४.११ या आवृत्तीपासून पहिली आवृत्ती मूलतः बंद ठेवली असल्याने ती मुद्दाम चालू करावी लागते.